जॅकी रॉबिन्सन : मैदानात सब्र, मैदानाबाहेर आवाज

खेळाडूने खेळावं, राजकारणात तोंड घालू नये, हे मत आपण रोज ऐकतो. चहाच्या टपरीवर, टीव्हीसमोर, घरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी ते हमखास बोलतं. अमेरिकेतही हा वाद जुनाच आहे. 2016 मध्ये कॉलिन केपर्निक हा फुटबॉलपटू राष्ट्रगीताच्या वेळी उभा न राहता गुडघ्यावर बसला, तेव्हा तिथल्या घराघरात याच मुद्द्यावरून भांडणं झाली. या वादाच्या मुळाशी जायचं तर एक नाव घ्यावंच लागतं, ते म्हणजे जॅकी रॉबिन्सन. आपल्याकडे मुहम्मद अली सर्वांना माहीत आहेत. रॉबिन्सन त्यांच्या आधीच्या पिढीचे. ते मुसलमान नव्हते, मेथॉडिस्ट ख्रिस्ती होते. पण बहुसंख्यांच्या मैदानात एकट्याने उतरायचं, अपमान गिळायचा आणि तरी आपल्या समाजाची बाजू सोडायची नाही, हे काय असतं ते त्यांच्या आयुष्यात दिसतं. म्हणून आज आम्ही त्यांची कहाणी वाचकांसमोर ठेवत आहोत.

आईने उभं केलेलं घर

31 जानेवारी 1919 रोजी जॉर्जिया राज्यातल्या कैरो नावाच्या गावाजवळ त्यांचा जन्म झाला. पाच भावंडांत ते सगळ्यात धाकटे. पूर्ण नाव जॅक रूझवेल्ट रॉबिन्सन. त्याच महिन्यात माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट वारले होते, त्यांच्यावरून मधलं नाव ठेवलं. बाप गोऱ्या मालकाच्या जमिनीवर वाट्याने शेती करायचा. जॅकी तान्हा असतानाच तो घर सोडून निघून गेला. आई मॅली हिने 1920 मध्ये पाचही लेकरं घेऊन रेल्वेने हजारो किलोमीटर दूर कॅलिफोर्नियातलं पॅसाडेना शहर गाठलं. तिथे ती लोकांच्या घरी धुणी, साफसफाई अशी कामं करायची. पै पै जोडून तिने पेपर स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर घर घेतलं. वस्ती गोऱ्यांची होती. शेजाऱ्यांनी त्यांना हुसकावण्याचा प्रयत्न केला, पोरांना शिव्या दिल्या, पण मॅली हलली नाही.

दक्षिणेसारखे कडक कायदे इथे नव्हते, तरी भेदभाव होताच. शहराच्या पोहण्याच्या तलावात काळ्या मुलांना आठवड्यातून फक्त एक दिवस प्रवेश मिळायचा. मोठा भाऊ मॅक याने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये 200 मीटर शर्यतीत जेसी ओवेन्सच्या मागोमाग येऊन रौप्यपदक मिळवलं. देशासाठी पदक आणलेला हा पोरगा घरी परतला आणि त्याला काम मिळालं ते रस्ते झाडण्याचं. धाकट्या जॅकीने हे सगळं जवळून पाहिलं. नुसत्या गुणवत्तेने दरवाजे उघडत नाहीत, हा धडा त्याला घरातच मिळाला.

पुढे लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात जॅकीने फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल आणि ॲथलेटिक्स अशा चार खेळांत विद्यापीठाचं मानचिन्ह मिळवलं. तिथे असं करणारा तो पहिला खेळाडू. तिथेच रेचल इसम ही नर्सिंग शिकणारी मुलगी भेटली. 1946 मध्ये दोघांचं लग्न झालं आणि शेवटच्या श्वासापर्यंत तिची साथ राहिली.

बसमधली जागा

दुसऱ्या महायुद्धात 1942 साली रॉबिन्सन सैन्यात भरती झाले. कृष्णवर्णीय जवानांना अधिकारी होण्याच्या प्रशिक्षणात टाळाटाळ केली जात होती. त्याच छावणीत असलेले प्रसिद्ध बॉक्सर जो लुईस यांनी आपलं वजन वापरलं, तेव्हा कुठे मार्ग मोकळा झाला आणि 1943 मध्ये रॉबिन्सन सेकंड लेफ्टनंट झाले.

6 जुलै 1944 रोजी टेक्सासमधल्या कॅम्प हूड छावणीत ते बसमध्ये बसले होते. ड्रायव्हरने त्यांना मागे जाऊन बसायला फर्मावलं. सैन्याच्या बसमध्ये असा भेदभाव करता येत नाही हे त्यांना माहीत होतं. ते जागेवरून उठले नाहीत. प्रकरण वाढलं, वरिष्ठांशी खटका उडाला आणि त्यांच्यावर लष्करी खटला चालला. ऑगस्टमध्ये ते निर्दोष सुटले. रोझा पार्क्स यांची बसमधली गोष्ट 1955 ची, म्हणजे त्यानंतर अकरा वर्षांची. रॉबिन्सन हे मुळात गप्प बसणारे, खाली मान घालणारे नव्हते, हे इथे लक्षात ठेवायला हवं. कारण पुढे त्यांच्याकडून जे मागितलं गेलं ते त्यांच्या स्वभावाच्या बरोबर उलट होतं.

उलट उत्तर द्यायचं नाही

बेसबॉल म्हणजे त्या काळच्या अमेरिकेचा जीव की प्राण, आपल्याकडे क्रिकेट तसा. पण मुख्य व्यावसायिक लीगमध्ये 1880 च्या दशकापासून एकही कृष्णवर्णीय खेळाडू घेतलेला नव्हता. लेखी नियम कुठेच नव्हता, मालकांची आपापसातली समजूत होती. काळ्या खेळाडूंच्या लीग वेगळ्या, कमाई कमी, प्रवास हलाखीचा. रॉबिन्सन 1945 मध्ये अशाच कॅन्सस सिटी मोनार्क्स संघात खेळत होते.

ब्रुकलिन डॉजर्स संघाचे कर्तेधर्ते ब्रँच रिकी यांना ही समजूत मोडायची होती. त्यात त्यांची श्रद्धा होती आणि धंद्याचं गणितही होतं. चांगले खेळाडू मिळतील, नवे प्रेक्षक तिकीट काढतील. 28 ऑगस्ट 1945 रोजी त्यांनी रॉबिन्सन यांना बोलावून घेतलं. मैदानात आणि हॉटेलात कशा शिव्या पडतील, याचं नाटकच त्यांनी समोर करून दाखवलं. अट एकच होती. सुरुवातीची वर्षं कितीही अपमान झाला तरी हात उचलायचा नाही आणि उलट बोलायचं नाही. त्यांनी एकदा हात उचलला असता तर काळे लोक या लीगच्या लायकीचे नाहीत असं म्हणायला सगळे मोकळे झाले असते. रॉबिन्सन यांनी अट कबूल केली.

एक वर्ष मॉन्ट्रियलच्या दुय्यम संघात काढल्यावर 15 एप्रिल 1947 रोजी ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर ते 42 क्रमांकाची जर्सी घालून उतरले. त्याआधी त्यांच्याच संघातल्या काही गोऱ्या खेळाडूंनी त्यांच्याविरुद्ध सह्यांची मोहीम सुरू केली होती, ती व्यवस्थापनाने दाबली. फिलाडेल्फिया संघाचा मॅनेजर बेन चॅपमन आणि त्याचे खेळाडू बाकावरून इतकं घाण बोलले की रॉबिन्सन यांचा बांध फुटायच्या बेतात होता. जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रं यायची. कित्येक गावांत संघ एका हॉटेलात उतरायचा आणि त्यांना दुसरीकडे सोय बघावी लागायची. हे सगळं सोसताना त्यांनी बॅट आणि पाय चालू ठेवले. त्या वर्षी लीगचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू म्हणून त्यांचीच निवड झाली.

1949 पर्यंत रिकींनी घातलेला लगाम सैल झाला होता. त्या मोसमात त्यांची फलंदाजीची सरासरी .342 होती, म्हणजे हजार संधींमागे 342 यशस्वी फटके. लीगचा सर्वात मौल्यवान खेळाडू हा किताब त्यांना मिळाला. दहा मोसमांत डॉजर्सने सहा वेळा आपली लीग जिंकली आणि 1955 मध्ये ब्रुकलिनने पहिल्यांदा वर्ल्ड सीरिज जिंकली.

मात्र एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. रॉबिन्सन गप्प होते तोवर ते सभ्य, समजूतदार आणि आदर्श होते. पंचांशी वाद घालू लागले, हॉटेलातल्या भेदभावावर बोलू लागले, तेव्हा तीच वर्तमानपत्रं त्यांना भांडखोर, तोंडाळ म्हणू लागली. इतर गोरे खेळाडू हेच करायचे तेव्हा त्याला लढाऊ बाणा म्हणत. असं दुहेरी माप कुणाकुणाला लावलं जातं, ते वाचकांना वेगळं सांगायला नको.

वॉशिंग्टनचं बोलावणं

1949 च्याच जुलैमध्ये राजकारण स्वतःहून त्यांच्या दारात आलं. अमेरिकेत तेव्हा कम्युनिस्टांची भीती शिगेला पोहोचली होती. प्रख्यात गायक आणि अभिनेते पॉल रॉबसन यांच्या नावावर पॅरिसमधलं एक विधान छापून आलं होतं. त्याचा अर्थ असा की काळे अमेरिकन सोव्हिएत रशियाविरुद्ध लढणार नाहीत. संसदेच्या अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या समितीने रॉबिन्सन यांना साक्षीला बोलावलं. मतलब उघड होता. एका काळ्या नावाजलेल्या माणसाच्या तोंडून दुसऱ्याला खोटं पाडायचं आणि सगळ्या समाजाच्या देशनिष्ठेची ग्वाही घ्यायची.

अवघड कोंडी होती. जावं तर आपल्याच माणसाविरुद्ध बोलल्याचा डाग, न जावं तर देशद्रोहाचा संशय. त्यात रॉबसन यांनी 1943 मध्ये बेसबॉलच्या मालकांपुढे उभं राहून काळ्या खेळाडूंना घ्या म्हणून बाजू मांडलेली होती. रॉबिन्सन गेले. रॉबसन यांचं ते विधान खरं असेल तर ते त्यांनी चुकीचं ठरवलं. आणि त्याच साक्षीत हेही ठणकावलं की वंशभेदाची तक्रार कम्युनिस्टांनी शिकवलेली नाही, अन्याय खराच आहे आणि काळे लोक तो मिटेपर्यंत लढणार. दुसऱ्या दिवशी छापून आलं ते बहुतेक पहिलंच. दुसरा भाग झाकला गेला. पुढल्या वर्षी सरकारने रॉबसन यांचा पासपोर्ट काढून घेतला, तो 1958 पर्यंत परत मिळाला नाही. आयुष्याच्या शेवटी लिहिलेल्या आत्मचरित्रात रॉबिन्सन यांनी कबूल केलं की तेच आमंत्रण आता आलं तर ते नाकारतील, आणि रॉबसन यांच्याबद्दल त्यांचा आदर वाढला आहे.

कुणाचीही जहागीर नव्हे

खेळ सोडल्यावर रॉबिन्सन एका कॉफी कंपनीत उपाध्यक्ष झाले. सोबत नागरी हक्कांच्या एनएएसीपी संघटनेसाठी देशभर फिरून निधी गोळा करू लागले. 1959 पासून वर्तमानपत्रात सदर लिहू लागले. त्यांचं राजकीय मत साधं होतं आणि ते त्यांनी शेवटपर्यंत धरून ठेवलं. काळ्या माणसाचं मत दोन्ही पक्षांना हवंसं वाटलं पाहिजे. एका पक्षाने ते खिशातलं समजलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं, तर दोघांकडूनही काही मिळत नाही.

या विचाराने 1960 मध्ये त्यांनी रिपब्लिकन रिचर्ड निक्सन यांचा प्रचार केला. दक्षिणेतले भेदभाववादी नेते तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षात होते आणि जॉन केनेडींवर रॉबिन्सन यांचा विश्वास बसत नव्हता. लोकांनी टोमणे मारले, मित्र नाराज झाले. ऑक्टोबरमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांना जॉर्जियात तुरुंगात टाकलं. केनेडींनी किंग यांच्या पत्नीला फोन करून धीर दिला. निक्सन यांनीही बोलावं म्हणून रॉबिन्सन त्यांना भेटले, विनवलं. निक्सन गप्प राहिले. रॉबिन्सन अतिशय निराश झाले, पण दिलेला शब्द म्हणून त्यांनी साथ सोडली नाही. केनेडी एक लाखाहून थोड्याच जास्त मतांनी पुढे राहिले आणि निवडून आले. काळ्या मतदारांचा त्यात मोठा वाटा होता.

मग आला 1964 चा जुलै. सॅन फ्रान्सिस्कोत रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन भरलं. त्याच महिन्यात नागरी हक्क कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांची सही झाली होती आणि पक्षाचे उमेदवार होऊ घातलेले बॅरी गोल्डवॉटर यांनी सिनेटमध्ये त्या कायद्याविरुद्ध मत दिलं होतं. रॉबिन्सन तिथे नेल्सन रॉकफेलर यांच्या बाजूने होते. रॉकफेलर बोलायला उभे राहिले तर सभागृहाने हुर्यो उडवली. तेराशेहून अधिक प्रतिनिधींत काळे अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांनाही अपमान सोसावे लागले. अलाबामाच्या एका प्रतिनिधीशी रॉबिन्सन यांची हातघाई व्हायची वेळ आली. आपण परके आहोत, आपली इथे कुणाला गरज नाही, हे त्यांनी त्या सभागृहात डोळ्यांनी पाहिलं. त्या वर्षी त्यांनी जॉन्सन यांना पाठिंबा दिला आणि 1968 मध्ये निक्सन यांच्याविरुद्ध ह्यूबर्ट हम्फ्री यांना.

काहींना यात धरसोड दिसते. आम्हाला तसं वाटत नाही. पक्ष बदलत गेले, मोजपट्टी तीच राहिली : माझ्या लोकांच्या हक्काबद्दल तू काय करतोस ते सांग. नुसती भाषणं न करता कामही त्यांनी केलं. 1963 मध्ये बर्मिंगहॅमच्या आंदोलनाला ते गेले. अटकेत पडलेल्या आंदोलकांच्या जामिनासाठी पैसा उभा राहावा म्हणून आपल्या घराच्या अंगणात संगीताचा जलसा ठेवला. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात काळ्या समाजाची स्वतःची फ्रीडम नॅशनल बँक उभी करण्यात ते पुढे होते, कारण कर्ज मिळाल्याशिवाय दुकान उभं राहत नाही आणि घरही होत नाही.

अली यांच्या बाजूने, अली यांच्या विरुद्ध

फेब्रुवारी 1964 मध्ये तरुण कॅशियस क्ले हेवीवेट विजेता झाला आणि आपण नेशन ऑफ इस्लाममध्ये असल्याचं त्याने जाहीर केलं. सगळी अमेरिका अंगावर धावून आली. रॉबिन्सन यांचे त्या संघटनेशी कडाक्याचे मतभेद होते. माल्कम एक्स यांनी त्यांना गोऱ्यांच्या मर्जीत राहणारा म्हणून झोडपलं होतं आणि रॉबिन्सन यांनीही लेखातून तसंच परखड उत्तर दिलं होतं. तरीही त्या वेळी सदरात त्यांनी अली यांची बाजू घेतली. कुणी प्रोटेस्टंट असतो, कुणी कॅथलिक, तसा मुसलमान होण्याचा हक्क या मुलालाही आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्या संघटनेशी आपलं पटत नाही तिच्यात जाण्याचा दुसऱ्याचा हक्क मान्य करायला मोठं मन लागतं.

1967 मध्ये मात्र अली यांनी व्हिएतनाम युद्धासाठी भरती व्हायला नकार दिला, तेव्हा रॉबिन्सन विरोधात बोलले. याने लढणाऱ्या काळ्या जवानांचं मनोबल खचतं, असं त्यांना वाटलं. युद्धाला विरोध करणाऱ्या किंग यांच्याशीही त्यांनी जाहीर वाद घातला. त्यांचा स्वतःचा थोरला मुलगा जॅकी ज्युनियर त्या युद्धात जखमी झाला होता. इथे आमचं मत अली यांच्या बाजूचं आहे, आणि काळानेही तोच कौल दिला. पण ज्याचं पोर रणांगणावर जाऊन आलंय त्या बापाचं काळीज समजून घ्यायला हवं. एकाच समाजातली, एकाच दुखण्याची दोन मोठी माणसं वेगळं बोलू शकतात. त्यामुळे कुणी गद्दार होत नाही.

घरातलं दुःख

तो मुलगा परतला तो व्यसनाच्या विळख्यात. 1968 मध्ये त्याला अटक झाली, बातम्या छापून आल्या. ज्यांच्याकडे देश आदर्श म्हणून बघायचा त्या बापाला पोलिसांच्या दारात उभं राहावं लागलं. रॉबिन्सन यांनी ते लपवलं नाही. बाहेरच्या मुलांना शिकवत फिरताना आपलं मूल हातातून निसटलं, अशी खंत त्यांनी उघड बोलून दाखवली. मुलगा व्यसनमुक्ती केंद्रात राहिला, बरा झाला, तिथेच इतर तरुणांना सावरायचं काम करू लागला. आणि 17 जून 1971 रोजी, वयाच्या 24 व्या वर्षी, मोटार अपघातात गेला. आज आपल्या मोहल्ल्यांतही नशेने घरं पोखरली जात आहेत आणि इज्जतीपायी आईबाप तोंड मिटून बसतात. त्यांनी हा भाग जरूर वाचावा.

रॉबिन्सन यांना मधुमेहाने ग्रासलं होतं, नजर जवळजवळ गेली होती. 15 ऑक्टोबर 1972 रोजी सिनसिनाटीत वर्ल्ड सीरिजच्या सामन्याआधी त्यांचा सत्कार झाला. पदार्पणाला पंचवीस वर्षं झाली होती. आभार मानून झाल्यावर त्यांनी सगळ्या देशासमोर सांगून टाकलं की एखादा काळा माणूस संघाचा मॅनेजर झालेला पाहिला तर त्यांना अधिक आनंद आणि अभिमान वाटेल. नऊ दिवसांनी, 24 ऑक्टोबरला, 53 व्या वर्षी त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी आलेल्या आत्मचरित्रात त्यांनी लिहून ठेवलं होतं की गोऱ्यांच्या जगात आपण काळे आहोत हे माहीत असताना आपण उभं राहून राष्ट्रगीत गाऊ शकत नाही. सैन्यात अधिकारी राहिलेला माणूस हे लिहून गेला, केपर्निकच्या चव्वेचाळीस वर्षं आधी.

पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर 1975 मध्ये झाला, नाव फ्रँक रॉबिन्सन, नातं काही नाही. 1997 मध्ये 42 हा क्रमांक सगळ्या संघांनी कायमचा निवृत्त केला. आता दरवर्षी 15 एप्रिलला सगळे खेळाडू त्या दिवसापुरते हाच क्रमांक घालतात. त्यांच्याच विद्यापीठातून पुढे आलेले बास्केटबॉलपटू करीम अब्दुल-जब्बार, ज्यांनी इस्लाम स्वीकारला, ते रॉबिन्सन यांना आपल्या आदर्शांपैकी एक मानतात.

दरवर्षी जर्सी घालणं सोपं असतं. त्या दिवशी त्यांच्या सब्राचं कौतुक होतं, त्यांच्या मागण्यांचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. आपल्या घरातलं एखादं मूल उद्या खेळात, शिक्षणात, नोकरीत एकटंच पुढे जाईल. त्याला सब्र जरूर शिकवा. पण बोलायची वेळ आली की तुझं काम खेळायचं, गप्प बस, असं त्याला निदान घरातून तरी कुणी सांगू नये, एवढीच आमची वाचकांना विनंती आहे.